वीस ट्रॉल्या रेती आणि बारा माणसांचा पीएफ

पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) यांचे चलन पंधरा तारखेच्या आत भरावे लागते, म्हणून दर महिन्याच्या बारा-तेरा तारखेला मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, हिशेबाला बसतो. बेळगावात लहान कारखान्यांची खाती लिहिण्यातच माझी पंचवीस वर्षे गेली. या कारखान्याचे नाव मी घेणार नाही. हिशेब मांडायला मालकांनी परवानगी दिली ती याच अटीवर. आकडे गोल केले आहेत, पण त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण बिघडू दिलेले नाही.

एका संध्याकाळी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. एक पीएफ-ईएसआयचा तक्ता. दुसरे ट्रॅक्टरवाल्याचे हाताने लिहिलेले व्हाउचर: 'रेती भाडे, २० खेपा, १४,००० रुपये.' दोन्ही कागद मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो, पण वेगवेगळ्या फायलींत. त्या दिवशी नाल्याकडचे एक शेतकरी काका ऑफिसात तक्रार घेऊन आले होते आणि त्यांना दाखवायला म्हणून मी व्हाउचर काढले, एवढेच निमित्त.

पहिला कागद असा. पटावर ४० कामगार. पीएफसाठी धरलेला पगार सरासरी १५,००० रुपये. मालकाचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. विमा आणि प्रशासन आकार मिळून आणखी एक टक्का, १५० रुपये. ईएसआयचा मालकाचा वाटा ३.२५ टक्के, साधारण ४८७ रुपये ५० पैसे. एका माणसामागे महिन्याला २,४३७ रुपये ५० पैसे. चाळीस माणसांचे ९७,५०० रुपये.

दुसरा कागद असा. महिन्याला सुमारे १०० टन ओतकाम निघते, आणि त्यासोबत साच्यांतली ६० टन जळकी रेती. तीन टनांची एक ट्रॉली, एका खेपेला ७०० रुपये. ही रेती कुठे पडते, कुणाच्या बांधाला लागते, पावसात कुठे वाहते, याची नोंद कोणत्याच खात्यात नाही. सरकारला त्यापोटी एक रुपयाही जात नाही.

म्हणजे या कारखान्यात एक माणूस कामावर ठेवला तर दरमहा जवळपास २,४४० रुपये पगारावर वरून भरावे लागतात. आणि तीन टन काळी रेती नाल्याकाठी ओतली तर लागतात फक्त ७०० रुपये, तेही ट्रॅक्टरचे. आपण माणसाला काम देण्यावर बोजा टाकतो आणि जमीन नासवणे फुकट ठेवतो. मी एवढी वर्षे हे दोन्ही कागद लिहीत होतो आणि माझ्या लक्षात आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

ज्यांनी फाउंड्री आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी रेतीबद्दल थोडे सांगतो, कारण सगळे प्रकरण तिच्याभोवती फिरते. बिडाचे ओतकाम करताना साचा रेतीचाच असतो. सिलिका रेती, बेंटोनाइटची माती, कोळशाची पूड आणि पाणी मळून साच्यात ठासतात. पोकळ भागासाठी आत जो कोर बसवतात तो रेझिन (चिकटवणारे रसायन) घालून पक्का केलेला. चौदाशे अंशांच्या आसपासचे वितळलेले बीड त्यात ओतले की धातूला टेकलेली रेती जळते. माल निवल्यावर साचा फोडतात, रेती चाळून पुन्हा मिसळतात, पण दर फेरीत थोडी बाहेर टाकून तेवढी नवी घालावीच लागते, नाहीतर मालावर डाग आणि भोके येतात. टाकलेली रेती हातात घेऊन चोळली तर बोटांना काजळी लागते. कोरचे तुकडे गुळाच्या खड्यासारखे घट्ट राहतात आणि ओले झाले की उग्र वास सोडतात. नुसत्या मातीने बांधलेली रेती आणि रेझिनने बांधलेली रेती यांत विषाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. ट्रॉलीत मात्र दोन्ही एकत्रच भरतात.

ते काका येळ्ळूरच्या बाजूचे, भाताचे शेतकरी. बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात शिवारात शिरतो, हे बेळगावच्या दक्षिणेकडच्या कुणालाही नव्याने सांगायला नको. त्यांचे म्हणणे सरळ होते. 'तुम्ही बिलं करूलालाय, आम्ही काळं पाणी उपसूलालोय. ट्रॉली रात्रीच का येते, दिवसा का येत नाही, एवढं सांगा ओ.' मालक गप्प बसले. ते वाईट माणूस नव्हेत. दहा वर्षांपूर्वी कोकवर चालणारी क्युपोला भट्टी मोडून त्यांनी विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली आणि शेजारच्या वस्तीतला धूर थांबला. त्याचे बक्षीस काय मिळाले? एक टन बीड वितळवायला सहाशे-साडेसहाशे युनिट वीज लागते आणि हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलात वीज वापरावर ९ टक्के कर लागून येतो. धूर सोडत होते तेव्हा धुरावर कर नव्हता. धूर थांबवल्यावर कराची ओळ आली.

कर माणसाच्या कमाईवरून काढून घाणीवर आणि निसर्गातून उपसलेल्या मालावर न्यावा, ही कल्पना नवी नाही. जे नुकसान एकाने करायचे आणि दुसऱ्याने सोसायचे, त्याची किंमत करणाऱ्याच्या खात्यात घालावी, हे केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडले. पुढे त्याला जोड मिळाली ती परताव्याची: घाणीवर जमवलेला पैसा खजिन्यात ठेवायचा नाही, तर तेवढ्याच रकमेचा कर किंवा हप्ता मजुरीवरून उतरवायचा. जर्मनीने १९९९ पासून २००३ पर्यंत पेट्रोल, डिझेल, वीज यांवरचा कर टप्प्याटप्प्याने वाढवला आणि बहुतेक पैसा पेन्शन विम्यात घातला. पहिल्याच वर्षी पेन्शनच्या हप्त्याचा दर २०.३ वरून १९.५ टक्क्यांवर आला. ब्रिटनने ऑक्टोबर १९९६ मध्ये कचरा पुरण्यावर टनामागे ७ पौंडांचा कर बसवला आणि त्या बदल्यात मालकांच्या सामाजिक विम्याच्या वाट्यात ०.२ टक्क्याची सूट दिली. आमच्या प्रकरणाला सर्वांत जवळचा दाखला हाच. त्या कायद्यात जड पण निरुपद्रवी मालासाठी २ पौंडांचा कमी दर होता, आणि त्या यादीत फाउंड्रीची साच्याची रेती नावानिशी आहे. फक्त सेंद्रिय बाइंडर असलेली, म्हणजे आमच्या कोरची रेती, तीतून वगळली आहे. तिला पूर्ण दर. आपण ट्रॉलीत एकत्र भरतो ते तिथे कराच्या दरानेच वेगळे करायला लावले.

मालकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, 'मग माझा इन्कम टॅक्स कमी होणार काय?' इथेच बाहेरची कल्पना बेळगावात जशीच्या तशी लागू पडत नाही. भागीदारी संस्थेच्या नफ्यावर ३० टक्के आयकर लागतो, तो कमी केला तर फायदा मालकांना. साच्यावर उभा राहणारा मोल्डर वर्षाला एक लाख ऐंशी हजार मिळवतो. २०२५ च्या अर्थसंकल्पापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. कर्नाटकाचा व्यवसाय करही २५,००० रुपयांच्या आतल्या पगाराला माफ. ज्याच्यावर आयकरच नाही त्याला आयकरातली सूट देऊन काय मिळणार? उलट पेट्रोलवर कर वाढला तर खानापूरकडून रोज मोटारसायकलने येणाऱ्या त्याच मोल्डरच्या खिशाला आधी चाट बसते. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला. त्या बदल्यात त्याच्या पगारपत्रकावर काय उतरले? काहीच नाही. त्याला कराची जागा बदलणे म्हणता येत नाही, ती नुसती करवाढ.

म्हणून आमच्या भागात 'उत्पन्नावरचा कर' या शब्दांच्या जागी 'मजुरीवरचा बोजा' वाचले पाहिजे. माणसाला पटावर घेताना मालकाचा हात जिथे अडखळतो ती जागा म्हणजे ते २,४४० रुपये. याच कारखान्यात पटावरच्या ४० जणांखेरीज आणखी १२ जण ठेकेदाराकडून येत होते. फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणे), रेती ओढणे, भट्टीजवळचा भंगार भरणे, सगळी अंगमेहनतीची कामे. हातात रोख पैसे, पीएफ नाही, ईएसआयचे कार्ड नाही. कायद्याने ठेकेदाराच्या माणसांची जबाबदारीही शेवटी मूळ मालकावरच येते, हे मी अनेकदा सांगितले होते. प्रत्येक वेळी उत्तर एकच: परवडत नाही.

इथे पटावरचे सर्वांत जुने मोल्डर मामा मध्ये बोलले, आणि त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागले. 'पीएफला कर म्हणू नका. तो आमचा पैसा आहे. तो कमी करून मालकाला सूट देणार असाल तर आमच्या म्हातारपणातून काढून देणार काय?' बरोबर आहे. हप्ता कमी करायचा नाही, हप्ता भरणारा बदलायचा. कामगाराच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा व्हावी, फक्त मालकाच्या वाट्याचा काही भाग घाणीवरच्या आकारातून यावा. हे आपल्याकडे झालेले आहे. २०१६ च्या प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजनेत केंद्राने नव्या कामगारांचा पेन्शनचा ८.३३ टक्के वाटा स्वतः भरला आणि एप्रिल २०१८ पासून मालकाचा पूर्ण १२ टक्के. कामगाराच्या पासबुकात एक पैसाही कमी झाला नाही. म्हणजे पैसा वळवण्याचा पाट खणलेला आहे, त्यात फक्त कुठले पाणी सोडायचे ते ठरवायचे.

मग आम्ही कारखान्याच्या आतच हा कर लावून पाहिला. कुणी सांगितले नव्हते, कुठला कायदा नव्हता. मालकांनी एवढेच विचारले, 'आकार किती धरायचा?' मी ८०० रुपये टन म्हणालो, कारण ६० टनांना ८०० म्हणजे ४८,००० रुपये, जवळपास चाळीस जणांच्या निम्म्या हप्त्याएवढे. 'रेती खाते' नावाचे वेगळे पान उघडले. दर ट्रॉलीमागे २,४०० रुपये नफ्यातून काढून त्या पानावर टाकायचे. आणि त्या पानावरच्या पैशातून ठेकेदाराच्या बारा जणांना पटावर घेऊन त्यांचा मालकाचा वाटा भरायचा. बारा जणांचे महिन्याला २९,२५० रुपये. मुकादमाकडे जाड पुठ्ठ्याची वही दिली: तारीख, वेळ, ट्रॉली, कुठे टाकली, सही.

पहिल्या महिन्यात काहीच बदलले नाही. वीस ट्रॉल्या, ४८,००० रुपये, खाते भरून वाहत होते. दुसऱ्या महिन्यात मुकादमाने एक गोष्ट पाहिली जी मला कधीच दिसली नसती. साचा फोडण्याच्या जागी, जाळीच्या खाली, चांगली रेती जळक्या रेतीबरोबर फावड्याने एकाच ढिगात जात होती. संध्याकाळी पाळी संपण्याच्या घाईत वेगळे करायला कुणी थांबत नसे आणि थांबायचे कारणही नव्हते. आता प्रत्येक ट्रॉलीला सही होती. जाळीखाली पत्र्याची आडभिंत उभी केली, कोरचे खडे वेगळे वेचायला एक घमेले ठेवले. ज्या जॉबला साच्याची पेटी गरजेपेक्षा मोठी वापरत होते त्यांच्यासाठी लहान पेट्या काढल्या. पाचव्या महिन्यात ट्रॉल्या चौदावर आल्या. नवे यंत्र एकही घेतले नाही.

आता खरा हिशेब. सहा ट्रॉल्या कमी म्हणजे ४,२०० रुपये भाडे वाचले. १८ टन नवी रेती कमी लागली, कारखान्यात पोचेपर्यंत टनाला हजार रुपये धरले तर १८,००० रुपये. एकूण बचत २२,२०० रुपये. बारा माणसांचा खर्च २९,२५० रुपये. दरमहा ७,०५० रुपयांची खोट. रेती खात्याच्या पानावर मात्र चौदा ट्रॉल्यांचे ३३,६०० रुपये दिसत होते, म्हणजे पान नफ्यात आणि मालक तोट्यात. कारण ते पान त्यांच्याच खिशातून भरत होते. शेजारचा कारखाना अजून वीस ट्रॉल्या ओततो, माणसे ठेकेदाराची ठेवतो आणि किलोमागे थोडा कमी दर सांगून तीच ऑर्डर घेऊ शकतो. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली रक्कम हीच: सात हजार पन्नास. एकट्या माणसाने सरळ वागायचे ठरवले तर महिन्याला एवढा दंड. आकार सगळ्यांवर सारखा असता तर ही रक्कम जास्त ओतणाऱ्याच्या खिशातून आली असती.

आणखी एक अडचण त्याच पानावर दिसते. ट्रॉल्या बारावर आल्या तर जमा २८,८०० रुपये, म्हणजे बारा माणसांच्या हप्त्याला ४५० रुपये कमी. आकार जितका लागू पडेल तितका त्याचा पैसा आटतो. घाण कमी होणे हे यश आणि तीच हप्त्याची तूट. ब्रिटनने यावर दर चढवत नेला. ७ पौंडांचा पूर्ण दर २०१४ मध्ये ८० पौंडांवर गेला होता. आपल्याकडे एकट्या रेतीवर हा बोजा पेलणार नाही. रेती, कोक, उपसलेले पाणी, भट्टीची मळी अशी चार-पाच खाती एकत्र धरली तर एक आटताना दुसरे पुरते.

आपल्या देशाने यातले काही करून पाहिले आहे आणि ते मोडूनही टाकले आहे. १९७७ च्या कायद्याने ठराविक कारखान्यांच्या पाणीवापरावर उपकर होता. हजार लिटरला पैशांत मोजण्याइतका, पण तत्त्व चोख होते: पाणी जास्त नासवणाऱ्याला दर जास्त, आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्याला २५ टक्के सूट. जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्ये तो रद्द झाला. कोळशाचे तसेच. २०१० मध्ये टनाला ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर आला, २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४०० रुपये. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून घेतलेल्या या पैशाचा मोठा भाग त्या निधीत पोचलाच नाही, आणि २०१७ नंतर तो राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०० रुपये गेले आणि कोळशावर ५ ऐवजी १८ टक्के जीएसटी आला. वरवर पाहता बोजा कायम राहिला असे वाटते, पण हिशेबनीसाला फरक लगेच दिसतो. टनावर ठोक बसणारा आकार कारखान्याच्या अंगावर राहत होता. जीएसटी भरला की त्याचे क्रेडिट मिळते आणि तो विक्रीच्या करातून वजा होतो. वीज जीएसटीबाहेर असल्याने वीज कंपनीला क्रेडिट नाही, तिच्या अंगावर तो राहतो. कोळसा जाळून माल करणाऱ्या कारखान्याला मात्र घाणीची किंमत आता टोचत नाही.

काकांना मी हे सगळे सांगत बसलो नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता आणि जास्त अवघड. 'कर रेतीवर, पैसा कामगाराला. माझ्या बांधावरच्या काळ्या ढिगाचं काय?' पुस्तकात याचे उत्तर असे असते की पुढे घाण कमी पडेल हाच त्यांचा लाभ. समोर बसलेल्या माणसाला हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. आधी पडलेली रेती आकाराने उठत नाही. माझे मत असे झाले की जमा झालेल्यातला चौथा हिस्सा त्याच नाल्यासाठी आणि त्याच शिवारासाठी राखावा, मग परतावा थोडा कमी पडला तरी चालेल. मालक आणि मामा दोघेही यावर नाखूश होते. मामा म्हणाले, 'आमचे बारा जण पुन्हा ठेकेदाराकडे गेले तर?' या दोन गरजा एकमेकींशी भांडतात, आणि ते भांडण कुठलेच सूत्र लपवू शकत नाही.

आता सीमाभागाची अडचण. ती बंगळुरूत बसून कळत नाही. ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचे नमुने, बहुधा गिऱ्हाइकाचे असतात. दर पटला नाही तर पॅटर्न टेम्पोत घालून महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडायला दोन तास पुरतात. पलीकडे कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली, सगळीकडे फाउंड्र्याच. कोगनोळीलाही जायचे नसेल तर वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो. कर्नाटकाने एकट्याने रेतीवर आकार लावला तर आधी ऑर्डरी पलीकडे जातील आणि त्यांच्या मागून जळक्या रेतीच्या ट्रॉल्याही. दोन राज्यांतला थोडासा फरकही लोक कसा ओळखतात हे पाहायचे असेल तर निपाणीजवळच्या पेट्रोल पंपांवर महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांची रांग पाहावी. पेट्रोल इकडे स्वस्त म्हणून टाकी इकडेच भरून जातात.

सीमेच्या वादात दोन्ही सरकारांना समोरासमोर बसवणे किती कठीण आहे हे आम्ही जन्मापासून पाहतो. तरीही बेळगाव आणि कोल्हापूर हा ओतकामाचा एकच पट्टा आहे. गिऱ्हाईक तेच, रेतीचे व्यापारी तेच, कामगारही तेच. निपाणीचा माणूस सकाळी कागलला कामाला जातो. या पट्ट्याला एकच दर हवा, आणि तो केंद्राकडूनच येऊ शकतो.

दर लावायचा कुठे, याबद्दल माझे मत त्या वहीने बदलले. सुरुवातीला मी बाहेर जाणाऱ्या रेतीवर धरला होता. आमची वही खरी निघाली, कारण मालकांनाच ती खरी हवी होती. आकार सरकारचा असता तर ट्रॉल्या पुन्हा रात्रीच्या झाल्या असत्या आणि वहीत दहाच दिसल्या असत्या. ओतणे लपवता येते, विकत घेणे लपवणे अवघड. नवी सिलिका रेती ट्रकने येते, बिलावर येते. जेवढी नवी आत आली तेवढीच जुनी कुठेतरी बाहेर गेली, हा फाउंड्रीचा नियमच आहे. म्हणून आकार येणाऱ्या रेतीवर हवा. जो जुनी रेती भाजून पुन्हा वापरतो तो नवी कमी घेतो आणि आपोआप कमी भरतो. त्यासाठी निरीक्षक पाठवायला नको. रेझिन विकत घेतानाच त्याच्यावर वेगळा, चढा आकार लावला तर कोरच्या विषारी रेतीचाही बंदोबस्त होतो.

राज्याच्या हाती हे करणे जवळपास नाही. मालाच्या प्रवेशावर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार जीएसटीच्या वेळच्या घटनादुरुस्तीने गेला. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खनिज हक्कांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, आणि सिलिका रेती गौण खनिजांत मोडते, म्हणून खाणीच्या तोंडाशी राज्याला जागा आहे. पण दुसऱ्या राज्याच्या खाणीतून आलेली रेती त्यातून सुटते. प्रदूषण मंडळ वसूल करते ती नुकसानभरपाई गुन्हा सापडल्यावर. एक सापडतो, बाकीचे सुटतात, आणि सापडलेला स्वतःला कमनशिबी समजतो. दरमहा सगळ्यांच्या बिलात येणारा साधा आकार हे वेगळे काम करतो.

आणि परतावा दिसला पाहिजे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये इंधनावर कार्बन कर लावून तेवढा आयकर कमी केला. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सरकारने सामान्य ग्राहकांवरचा हा कर बंद केला. पंपावरचा कर रोज दिसत होता, आयकरातली सूट वर्षातून एकदा एका ओळीत. आमच्याकडे तर शंका आणखी जुनी आहे. नोटीस कन्नडमध्ये येते, कामगार आणि बरेच छोटे मालक मराठी वाचणारे. कागद कळला नाही की तो दंडाचाच वाटतो. म्हणून परताव्याची ओळ पगारपत्रकावर, त्याच महिन्यात आणि मराठीतही छापलेली हवी: 'रेती आकारातून जमा, अमुक रुपये.' बारा जणांच्या पगारपत्रकावर आम्ही ती छापली. फेटलिंगवरच्या एका पोराने मला विचारले, 'हे रेतीचं पैसं काय ओ?' मी सांगितले. दुसऱ्या दिवसापासून जाळीखालची रेती तो स्वतः वेगळी करू लागला. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण कुठल्याही कायद्याच्या मसुद्यात ते येणार नाही.

प्रयोगाला आता अकरा महिने झाले. ट्रॉल्या चौदा आणि पंधरा यांच्यामध्ये अडकल्या आहेत. त्याखाली उतरायचे तर रेती भाजून पुन्हा कामाची करणारे यंत्र लागते. ते एका कारखान्याला परवडत नाही, दहा-बारा जणांनी मिळून घेतले तर परवडते. शेजारच्या दोन मालकांना वही दाखवली. एकाने नीट पाहिली, ७,०५० च्या आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, 'हे कोण भरणार ते ठरलं की मला बोलवा.' दुसऱ्यांनी आपल्या मुकादमासाठी तशीच वही मागून नेली.

काकांच्या बांधावरचा ढीग तसाच आहे. येत्या पावसाआधी तो उचलायचे मालकांनी कबूल केले आहे. त्यासाठी किती ट्रॉल्या लागतील याचा अंदाज घ्यायला मी आणि मुकादम रविवारी तिकडे जाणार आहोत. त्या ट्रॉल्याही वहीत लिहायच्या, असे ठरले आहे.